गजाभाऊंची लाल रेघ

गजाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात भाजी घेत होतो. फोनवर त्यांचा पुतण्या होता. काका सायकलवरून उतारावर पडले, पोलादपूरला नेलं, पण पोचायच्या आधीच गेले, एवढं त्याने एका दमात सांगून टाकलं. अशा वेळी माणूस काय विचारतो? केव्हा झालं, वहिनी कशा आहेत... मी विचारलं, "कुठल्या सायकलवर होते?" पोरगं गोंधळलं. म्हणालं, "नेहमीचीच की, काळी." माझ्या हातातली पिशवी खाली पडली. भाजीवाली वांगी गोळा करून देत होती आणि मी तिच्याकडे बघत नुसता उभा होतो. त्या काळ्या सायकलचा पुढचा ब्रेक चारच दिवसांपूर्वी, रविवारी, मी माझ्या हाताने बसवला होता. आणि त्याचा शेवटचा नट मी आवळला की नाही, हे मला काही केल्या आठवत नव्हतं.

गजाभाऊ पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहत. भातशेती, थोडी नाचणी, दोन म्हशी. वय अडुसष्ट. घराच्या पडवीत पाच जुन्या सायकली, सगळ्या त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गोठ्यातून, गंजून गेलेल्या अवस्थेत आलेल्या. एकेक सायकल ते पार सुटी करायचे, गंजलेले भाग आठ-आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे आणि मग चिंधीने पुसत बसायचे. सुटा भाग मिळाला नाही तर वर्षभर थांबायचे, पण भलताच आणून ठोकायचे नाहीत. त्यांची लाडकी ती काळी, सळईच्या ब्रेकची, उंच दांड्याची. तिला ते 'म्हातारी' म्हणत. गाव ते पोलादपूर चार किलोमीटरचा वळणांचा उतार म्हातारीवरून उतरायचा, बाजार करायचा आणि तिला ढकलत वर यायचं, हा त्यांचा नेम. लोक हसायचे. हसू देत, गजाभाऊ म्हणायचे.

माझी त्यांची ओळख पुराच्या चिखलात झाली. मी महाडला शाळेत गणित शिकवायचो. त्या मोठ्या पुरात आमच्या तळमजल्यावर माणूसभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर जे जे बाहेर काढलं, त्यात माझ्या वडिलांची सायकलही होती, चाकापासून घंटीपर्यंत चिखलाने भरलेली. मी ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. डोकं इतकं भणभणलेलं होतं की वडिलांची आहे वगैरे काही वाटलंसुद्धा नाही. आपल्या नातेवाइकांना तांदूळ द्यायला आलेला एक अनोळखी माणूस रस्त्याच्या पलीकडून हे बघत होता. तो सरळ आला आणि सायकलचा दांडा धरून उभा राहिला. "मास्तर, ही भंगारात नाय जायाची." मी म्हटलं, तुम्ही कोण सांगणारे? त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागले. चार महिन्यांनी तीच सायकल चालवत ते माझ्या दारात आले. वडील वाजवायचे तशी घंटी वाजली आणि मी आतल्या खोलीत होतो तिथेच खाली बसलो. दुसऱ्या रविवारपासून मी त्यांच्या पडवीत पाने-नट शिकायला जाऊ लागलो, निवृत्त झाल्यावरही जात राहिलो. सव्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत, सावित्रीच्या कडेने तुडीलपर्यंत, दोघं मिळून किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही.

आता ती रेघ. गजाभाऊंची एक पद्धत होती. नट आवळून झाला की ते नेलपॉलिशची लाल बाटली काढायचे आणि नटावरून शेजारच्या लोखंडावर एक बारीक सरळ रेघ ओढायचे. नट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, म्हणजे तो सैल झाला. दर फेरीच्या आधी ते सगळ्या रेघा बघायचे आणि मगच पायडलवर पाय ठेवायचे. नेलपॉलिश सुमनवहिनी पोलादपूरच्या बाजारातून आणायच्या. दुकानदारीण म्हणे त्यांच्या हातांकडे बघायची, नखं तर कोरीच.

आणि मी? माझा स्वभाव तापट, हे महाडमध्ये माझ्या वर्गात बसलेला कोणीही सांगेल. पहिल्याच वर्षी सव्याला निघताना चार माणसांसमोर त्यांनी मी आवळलेला नट पुन्हा पान्याने चाचपला आणि रेघ ओढली. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, मला एक नट आवळता येत नाही का, असं काहीबाही बोलून मी सायकल वळवली आणि घरी आलो. दीड महिना तिकडे फिरकलो नाही. शेवटी तेच आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, पावसापाण्याच्या गप्पा केल्या आणि उठताना म्हणाले, "मास्तर, तुमच्या नटाला आजपासून रेघ नाय." संपलं भांडण. तेव्हापासून पाचही सायकलींवर मी आवळलेले नट बिनरेघेचे. मला त्याचा काय अभिमान! पडवीत कोणी आलं की मी बोट दाखवायचो, हा बिनरेघेचा दिसतो ना, तो माझा. गजाभाऊ बाजूला बसून मान डोलवायचे.

त्या शेवटच्या रविवारी म्हातारीच्या पुढच्या ब्रेकचे रबर बदलायचे होते. सळया सोडवल्या, रबर घातले, पुन्हा जोडत आणलं. गजाभाऊ पंप मारत होते आणि मधेच थांबून छातीवर हात ठेवत होते. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, डॉक्टरला दाखवा आणि हा उतार आता सोडा. ते म्हणाले, उतारावर कुठे दम लागतो, दम चढावर लागतो. मी म्हटलं, मग चढ सोडा. ते म्हणाले, चढ सोडला तर घरी कसा येणार? हसत होते. मी मात्र तापलो. पाना माझ्या हातात होता, सळईचा नट अर्धा बसला होता... की पूर्ण? मी ओरडलो, "मग पडा एकदा उतारावर, म्हणजे कळेल!" पाना पेटीत आपटला आणि एसटी गाठायला निघालो. वहिनी जेवून जा म्हणत मागे आल्या. मी वळूनही बघितलं नाही.

चार दिवसांनी ते उतारावर पडले. त्यांच्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द ते असे आहेत. ते मी कुठे ठेवू?

अंत्यविधीला गेलो तेव्हा म्हातारी अंगणात भिंतीला टेकवलेली होती. हॅन्डल वाकडं, मडगार्ड चेपलेलं. गजाभाऊंच्या कपाळावर जखम होती. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहुधा आधी हृदय बंद पडलं असावं आणि मग तोल गेला असावा. सगळ्यांनी ते मान्य केलं. मी त्या 'बहुधा'पाशी अडकून बसलो. चार पावलं चालून वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. त्या नटाला रेघ नसली तरी हाताने फिरवून समजलं असतं. मी गेलो नाही. सायकलकडे पाठ करून बसलो. भ्यालो, दुसरं काय.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते मलाच ठाऊक. डोळे मिटून मी तो रविवार परत परत चालवून बघायचो. नट हातात घेतला, फिरवला, पाना लावला... आणि तिथे गजाभाऊंचा हात छातीवर जायचा आणि पुढचं पुसट व्हायचं. कधी वाटायचं आवळलाच असणार, हाताची सवय आहे. लगेच वाटायचं, सवय आहे म्हणून तर आठवत नाही. बायको विचारायची, सायकल का काढत नाही? मी म्हणायचो, गुडघा दुखतो. वहिनींना भेटायला जायचं म्हणून दोनदा स्टँडवर गेलो आणि गाडी लागल्यावर परत फिरलो.

मग एका शनिवारी वहिनींचाच फोन आला. शीतल, त्यांची मुलगी, पुण्याहून आली होती. तिने हॅन्डल सरळ करून घेतलं होतं, हवा भरली होती आणि उद्या सकाळी बाबांसारखीच म्हातारीवरून पोलादपूरला उतरणार म्हणून हट्टाला पेटली होती. "बाबांची सायकल बंद पडायला नको म्हणते. म्हटलं तुम्हाला कानावर घालावं, सर." मी म्हटलं, मी येईपर्यंत तिला सायकलला हात लावू देऊ नका. का, ते सांगायची हिंमत झाली नाही.

रविवारी पहिली एसटी धरली. ती हायवेवर एका ट्रकच्या मागे अडकली आणि अर्धा तास हलेना. शीतलचा फोन लागेना, वहिनी उचलेनात. पोलादपूरला उतरून रिक्षा केली. वर चढताना प्रत्येक वळणावर मी समोर बघत होतो की ती पोरगी खाली येताना दिसते का. दिसली नाही. फाटकाशी उतरलो तेव्हा तिचा एक पाय जमिनीवर होता आणि एक पायडलवर. मी धावत जाऊन हॅन्डल धरलं. ती दचकली. "काका, अहो काय झालं?"

वहिनी पडवीतून बाहेर आल्या. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. मी म्हणालो, "हा पुढचा नट मी बसवलाय. त्या रविवारी. आवळला की नाही, मला आठवत नाही. वहिनी, ते माझ्यामुळे गेले असतील."

शीतल हळूच सायकलवरून उतरली. मला वाटलं आता वहिनी मला चालते व्हा म्हणतील, आणि म्हणाव्यात असंही वाटलं. त्या आत गेल्या, पान्यांची पेटी घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "मग बघा ना. खालून बघा."

खालून का, हे मला कळलं नाही. पण मी अंगणातच, धुतलेल्या पांढऱ्या शर्टानिशी, उताणा आडवा झालो आणि मान हॅन्डलखाली घातली. नटाची वरची बाजू रोजचीच, कोरी. खालची बाजू मी कधी बघितलीच नव्हती. तिथे एक बारीक लाल रेघ होती. नटावरून सळईपर्यंत, सरळ, कुठेही न तुटलेली. मी बोट फिरवलं. नट जागचा हलला नव्हता. पडण्याच्या आधी नाही, पडताना नाही. म्हातारीचा ब्रेक गजाभाऊंच्या हाताशी शेवटपर्यंत होता.

मी तसाच पडून राहिलो. मग शेजारच्या नटाखाली बघितलं. रेघ. मागच्या ब्रेकला, सीटखाली, जिथे जिथे माझा हात लागला होता तिथे खालून रेघ. उठून पडवीत गेलो आणि बाकीच्या चारही सायकलींखाली गुडघ्यांवर रांगत फिरलो. माझा एकही नट रेघेवाचून सुटला नव्हता. इतकी वर्षं ज्या कोऱ्या नटांकडे मी बोट दाखवत होतो, ते सगळे पोटाशी लाल होते. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. फसवलं मला या माणसाने, असं मी मोठ्याने म्हणालो. आणि मग मला असं रडू फुटलं की शीतलने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

वहिनींनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "तुमची गाडी गेली की ते असेच आडवे व्हायचे. खाली उजेड पडावा म्हणून मी आरसा धरायची. दर वेळी म्हणायचे, मास्तरला सांगू नको गो, लागल त्याला." त्या रविवारीही? मी विचारलं. त्या रविवारीही, म्हणाल्या. मी आदळआपट करून गेल्यावर अर्ध्या तासाने. रागावले नव्हते? छे, म्हणाल्या, हसत होते, मास्तर मायेने ओरडतो म्हणत होते.

एक प्रश्न उरला होता. तो मी विचारायला नको होता, पण विचारला. "वहिनी, त्या दिवशी त्यांनी नुसती रेघ ओढली, की आधी पाना लावून नट आवळावा लागला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग रिकामा तांब्या उचलला. "ते आता कशाला, सर," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नेलपॉलिशची बाटली पेटीच्या कोपऱ्यात, चिंधीत गुंडाळलेली होती. तळाशी थोडं उरलं होतं. मी पाना घेतला आणि म्हातारीचा तो पुढचा नट पुन्हा चाचपला. मग पाना शीतलच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू बघ. ती म्हणाली, काका, घट्ट आहे. मी म्हटलं, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, लावून बघ. तिने पाना लावला, जोर दिला, मान हलवली. मी तिला बाटली दिली. ती रेघ ओढायला खाली वाकू लागली, तर मी तिचा हात धरून वर आणला.

"इथे," म्हटलं, "वरून. मला दिसेल अशी."