तीन पोर्टांपुरती परवानगी

परवा औरंगपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि मला कॉलेजची लॅब आठवली. तेव्हा, त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये होतो आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. क्रांती चौकातल्या सिग्नलचं मॉडेल मी फळीवर केलं होतं. त्याचे दिवे कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टवरून लागायचे. सिल्लोडला मित्राच्या जुन्या डॉसच्या मशीनवर ते बिनबोभाट चाललं, पण लॅबच्या लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू केला की लगेच बंद पडायचा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला वाटलं, खेड्यातल्या पोराला इथं मशीनसुद्धा उभं करत नाय. "सर, सगळे अधिकार असलेला रूटचा पासवर्ड द्या ना," मी म्हणालो. लॅबचे सर हसले. "क्यों मियाँ, तीन दिव्यांसाठी पूरी हवेली की चाबी? अरे, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यांनाच अडवतो. तू विचारलंच नाहीस, थेट घुसलास." मग घरी निघालेले सर पिशवी खाली ठेवून शेजारी बसले. प्रोग्रॅमनं आधी कर्नलकडं प्रिंटर पोर्टचे लागतील तेवढेच तीन पत्ते, म्हणजे आतले तीन पोर्ट, मागायचे आणि ते मिळाले की रूटचा अधिकार सोडून द्यायचा, हे त्यांनी माझ्याच हातानं लिहून घेतलं. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, आणि हिरवा दिवा लागला. आज माझं घर असे प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावरच चालतं. नुसता पासवर्ड दिला असता तरी दिवे लागलेच असते. पण मशीननं नकार मलाच दिला होता, हा समज मी जन्मभर बाळगला असता.