आधी वीतभर चढ

रॅम्पभाऊंना घेऊन लग्नाला जायची सोय नव्हती. मंगल कार्यालयाला तळघरात पार्किंग असलं, की हा माणूस आहेर द्यायच्या आधी तिकडे जायचा, पिशवीतून पाण्याची बाटली काढायचा आणि उताराच्या तोंडाशी ओतून द्यायचा. मग गुडघ्यांवर हात ठेवून पाणी कुठे जातं ते बघत राहायचा. अकोल्यात भर मे महिन्यात एका वॉचमनने त्यांना चांगलंच झापलं होतं, "काहो, इथं आठ-आठ दिवस नळ येत नाही, आन् तुमी पाणी सांडून राहिले?" भाऊ शांतपणे म्हणाले, "सांडून नाही राहिलो बापा, पाहून राहिलो." मी बाजूला पैठणी नेसून उभी. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आडनाव इंगळे. अमरावतीत मी ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले, तिथले ते सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. रोज अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला यायचे आणि तिथून ऑटोने ऑफिसात. निम्मं आयुष्य पेन्सिलीवर गेलेलं, पण पन्नाशीत कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या इमारतीचं मॉडेल उभं करायला शिकले. तळघरातल्या पार्किंगचे उतार करायला कोणी धजत नसे, ते सगळे त्यांच्या टेबलावर यायचे. म्हणून रॅम्पभाऊ. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासले' असा चौकोन असतो, त्यात सही त्यांची.

सपाट मजले ते सॉफ्टवेअर मुकाट्याने घालतं. उतार म्हटला की रुसून बसतं. खांब स्लॅबपर्यंत पोचत नाहीत, बीम मध्येच खाली लोंबतो, गाडीचा टप घासेल एवढीच जागा उरते. मी डिग्रीचा ताठा घेऊन आलेली. उताराचा बाण काढायचा, वरून बघायचं, छान दिसलं की झालं! भाऊ मागे येऊन उभे राहायचे. "बाण तुले दिसते वं. पाण्याले बाण वाचता येते काय?" मग दर चार पावलांवर उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत दिसेल तसं चित्र, घ्यायला लावायचे. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे, हेही सांगून टाकते.

त्यांचा एक हट्ट मात्र कोणापुढे वाकला नाही. रस्त्यावरून तळघरात उतरण्याआधी जमीन थोडी वर उचलायची, म्हणजे रस्त्याचं पाणी आत शिरत नाही. "आधी वीतभर चढ, मंग उतार. घराले उंबरठा असते ना, तसं." रॅम्पखाली जी तिकोनी जागा उरते, तिथे ते मॉडेलमध्ये एक खाट ठेवायचे. आमचे आर्किटेक्ट साहेब ती पुसायचे, भाऊ परत ठेवायचे. "वॉचमनचा संसार तिथंच येते साहेब. आपण दाखवो का न दाखवो."

आणि त्या खाटेपर्यंत पाणी मी नेलं.

अमरावतीतलीच एक इमारत होती. शनिवारी पाच वाजता नकाशे द्यायचे होते. उंचवटा घातला की उतार मोडायचा, बीम डोक्यात यायचा, लाल सूचनांनी पडदा भरायचा. तीन तास झटापट करून मी वैतागले आणि उंचवटा काढून टाकला. रस्त्यापासून खालपर्यंत सरळ एकच उतार! सोमवारी परत घालू म्हटलं. भाऊंनी सही केली, नकाशे गेले, सोमवारी दुसरं काम आलं आणि मी विसरले. साइटवर नकाशात होतं तसंच बांधलं.

दोन वर्षांनी सप्टेंबरात एका दुपारी धो धो पाऊस झाला आणि रस्त्याचं पाणी नाल्यासारखं आत घुसलं. रॅम्पखाली राहणाऱ्या वॉचमनने अंथरुणाला खिळलेल्या आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, म्हणून म्हातारी वाचली. बायकोचं शिलाई मशीन, भांडी, धान्य सगळं चिखलात गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना उभं करून साहेबांनी विचारलं, "हे कोणी तपासलं?"

"सही माही हाये," भाऊ म्हणाले.

मी वॉटर कूलरपाशी उभी होते. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं, पण मी नळ उघडून ग्लास भरत राहिले. पहिल्यांदा नोकरी जाण्याची भीती वाटली, नंतर उशीर झाला असं वाटलं. भेकडाला कारणं कमी पडत नाहीत. भाऊंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी स्टीलची पट्टी आणि बाटली पिशवीत टाकली आणि नेहमीच्या गाडीने गेले. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

दीड वर्षाने ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा अकोल्याला गेले. खाटेवर निम्मे झालेले भाऊ. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "भाऊ, तो उंचवटा मी काढला होता."

"माहीत हाये. फाईल उघडून पाह्यली ना मी त्याच दिवशी."

"मग बोलले काहून नाही?"

"काय बोलू वं?" ते माझ्याकडे कुशीवर वळले. "सही केली त्या रोजी सगळ्याइचे नकाशे छेद घेऊन तपासले. तुहा तेवढा नाही तपासला. तुहा होता म्हणून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी चहा आणला, तो तसाच ठेवून मी निघाले. महिनाभरात भाऊ गेले. त्या दिवशी अकोल्याच्या त्या घरासमोर मी उभी होते, पण आत जायची हिंमत झाली नाही.

आता 'तपासले'च्या चौकोनात माझी सही असते आणि माझे नकाशे हाताखालची पोरं बघतात. एखादा हसत म्हणतो, "मॅडम, तुमचं आहे, त्यात काय तपासायचं!" तेव्हा मी नकाशा त्याच्यापुढे सरकवते. "माझंच आधी तपास!" मी ओरडते. पोरं छेद घ्यायला लागतात. त्यांना वाटतं, बाईला राग आला.