गाडीखाली शिरणारे आप्पा

पाथरीचे शिवलिंगआप्पा यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात कोणती गाडी किती अस्सल उरली आहे हे तपासणारे परीक्षक म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. माझी ओळख मात्र त्यांच्या पायांपासून सुरू झाली, कारण पहिल्या भेटीत आमचं बोलणं सुरू झालं तेव्हा गाडीखालून त्यांचे तेवढेच बाहेर दिसत होते.

परभणीच्या मेळाव्यात मी सोनपेठहून वडिलांची जीप घेऊन गेलो होतो. तिला आरशासारखा रंग दिला होता. पहिलं बक्षीस आपलंच, असं घरी सांगूनही आलो होतो. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ आले, त्यांनी गोणपाट अंथरलं आणि ते उताणे होऊन थेट गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "पाव्हणं, कारखान्यातून निघताना ही एवढी नटली न्हवती."

माझं डोकं तापलं. म्हटलं, "गाडी देखणी हाय का न्हाई, ते बोला."

आप्पा बाहेर आले, अंग झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "लय देखणी हाय. पण मी देखणेपणाचे गुण द्यायला आलो न्हाई."

माझा नंबर अर्थातच लागला नाही. पण संध्याकाळी तेच दोन कप चहा घेऊन माझ्याजवळ आले आणि जीपचा मूळ रंग कसा मिळवायचा, हे अंधार पडेपर्यंत समजावत बसले. रुसून बसायचं मी ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. आज त्याच मेळाव्यात मी त्यांच्या हाताखाली परीक्षक आहे. आप्पांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, गाड्या राहतात. त्यांच्या लेखी मी अजूनही 'जीपवाले'च आहे.

आप्पांचं पाथरीत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानात डुप्लिकेट विकायचं आणि मैदानात ओरिजनल शोधायचं, हे कसं काय, अशी त्यांची थट्टा आपण सगळ्यांनीच केली आहे. मीही एकदा दुकानात बसून ती केली. तेव्हा ते एका गिऱ्हाईकाला माल बांधून देत होते. आधी त्याला म्हणाले, "डुप्लिकेट हाय बरं का, ओरिजनलइतका टिकायचा न्हाई." मग माझ्याकडे वळले. "डुप्लिकेट वाईट न्हाई, जीपवाले. त्याला ओरिजनल म्हणून खपवणं वाईट." त्यांची सगळी परीक्षा या एका वाक्यावर चालत आली आहे. सख्ख्या मेहुण्यांच्या गाडीचे दिवे बाहेरचे निघाले, तर तिथेही त्यांनी गुण कापले. त्या वर्षीची भाऊबीज जरा थंडच झाली, असं ते स्वतःच हसत सांगतात.

या कडकपणामागचा माणूस मला ताडकळसच्या एका शिक्षिकाबाईंमुळे दिसला. त्यांनी वारलेल्या वडिलांची अँबॅसिडर आणली होती. गाडी जवळजवळ जशीच्या तशी होती, फक्त गिअरच्या दांड्याची मूठ बाभळीच्या लाकडाची होती. मूळची फुटल्यावर वडिलांनी गावातल्या सुताराकडून ती करून घेतली होती. आप्पांनी अर्धा गुण कापला. बाईंचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी ओरिजनल मूठ बसवूनच आणते, असं त्या म्हणाल्या.

आप्पा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "ताई, ती काढू नका. गाडी थांबू नये म्हणून बसवलेली हाय ती. तिच्यानं अर्धा गुण जातो, इज्जत न्हाई जात."

तसली ओरिजनल मूठ आप्पांच्या स्वतःच्या दुकानात पडून होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तिचं नावही काढलं नाही.

गेल्या वर्षी आप्पांचे दोन्ही गुडघे बदलले. घरी आल्यावर त्यांनी परीक्षकपद सोडत असल्याचं कळवलं. "खाली शिरता येत न्हाई. मग नुसतं वरून बघून सही कशी करू?" आप्पांशिवाय आपला मेळावा म्हणजे नुसती चकचकाटाची जत्रा झाली असती. पण मला खरी धास्ती वाटली ती आप्पांचीच. ते दुकानात गप्प बसून असत. समोरून जुनी गाडी गेली तरी मान वर करत नसत. हे ऐकून मला राहवेना आणि मी पाथरी गाठली.

"आप्पा," मी म्हणालो, "तुमचे गुडघे आता कंपनीचे न्हाईत. अर्धा गुण कापलाय. पण ते गाडी थांबू नये म्हणून बसवलेत."

आप्पांनी मान वर केली. मग म्हणाले, "चुकलात, जीपवाले. गुडघे दोन हायत. एक गुण कापा." आणि मेळावा कधी हाय, असं विचारलं.

यंदा ते आले. गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले आणि गोणपाटावर उताणा झालो मी. बोल्ट कुठले, रंग कुठवर गेलाय, जोड नवा का जुना, एकेक प्रश्न वरून येत होता. मी घाईनं काही उत्तर दिलं, की "परत बघा" हेही येत होतं. धुळीनं माखून इतका सुखी मी कधी झालो नव्हतो.

आप्पांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. माझी त्यात थोडी स्वार्थाची भर आहे. गाडीखाली मी शिरेन, गोणपाटही मीच आणेन. वर खुर्चीत मात्र आप्पा हवेत.