गाळ्यातली खंडेनवमी

डोंबिवली एमआयडीसीत ह्यांचा छापखान्याचा गाळा होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल, सगळं तिथे छापायचं. हे गेले आणि मशिनं विकली. कागद कापायचं जुनं मशिन तेवढं कुणी घेईना, ते कोपऱ्यात राहिलं. गाळा गोडाऊनला दे, असं मुलगी पुण्याहून फोनवर सांगत होती. पण गोडाऊनमध्ये खोकी येतात, आणि मला माणसं हवी होती. घरात दिवसभर मिक्सर सोडला तर कुणी तोंड उघडत नव्हतं.

म्हणून मी गाळ्यात लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी टेबलं मांडली, वायफाय घेतलं. ठाण्यात असं टेबल घ्यायचं तर जे भाडं सांगतात ते ज्यांना झेपत नाही, त्यांनी इथे यावं, असं ठरवलं. आणि लोक आले की. एक दुकानदारांचं जीएसटीचं काम करणारा मुलगा, बांधकाम मजुरांच्या पोरांसाठी अभ्यासवर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या दोघी, टिटवाळ्याहून येणारी एक डिझायनर मुलगी. सगळी गुणी. सकाळी 'गुड मॉर्निंग काकू' म्हणायची आणि कानात ती इयरफोनची बोंडं घालून बसायची. मी चहा आणला की एक कान मोकळा करून 'थँक्यू' म्हणायची. छापखान्यात मशिनच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं, तरी बोलणं व्हायचं. इथे टाचणी पडेल तर ऐकू येईल, आणि बोलायला कुणी नाही.

मग खंडेनवमी जवळ आली. आमच्याकडे त्या दिवशी मशिनं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, कामगारांची बायकापोरं यायची, पेढे संपता संपायचे नाहीत. मी गाळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, उद्या सकाळी गाळ्यात पूजा आहे, आपापली हत्यारं घेऊन या. उत्तरात सगळ्यांची जोडलेल्या हातांची चित्रं आली. मी त्याचा अर्थ 'येतो' असा घेतला. आमच्या पिढीत हात जोडणारा माणूस येतो.

सकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, शिरा केला तोही भरपूर. कुणी येईना. फोन मात्र वाजायला लागला. ग्रुपवर एकेकाचे फोटो. आपापल्या घरी, आपापल्या देव्हाऱ्यापुढे लॅपटॉप ठेवलेला, वर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. खाली 'काकू, शुभेच्छा'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छापायचं मशिन उचलून घरी नेता येत नव्हतं, म्हणून माणसं गाळ्यात यायची. लॅपटॉप पिशवीतून घरी जातो. राग कुणावर धरायचा? मी कापायच्या मशिनला माळ घातली आणि एकटीने आरती म्हटली. एकटीच्या आरतीत टाळ्या फार मोठ्याने वाजतात. मला रडू आलं.

दुपारी दार वाजलं. टिटवाळ्याची डिझायनर. मला इतका आनंद झाला की तिची पिशवी मीच हातात घेतली.

"अगं, आलीस. बस, शिरा गरम करते."

"काकू, नंतर खाते, चालेल? घरी पाहुणे आलेत, एका खोलीत दहा जणं. म्हटलं, आज गाळ्यात कुणी नसणार, मस्त काम होईल."

ती बसली, कान बंद केले. मी पूजेचं सामान आवरताना भांडी वाजू नयेत म्हणून एकेक उचलून ठेवली. संध्याकाळी तिने शिरा खाल्ला, छान झालाय म्हणाली, आणि जाताना दारात थांबली.

"उद्या दसऱ्याला पण उघडाल का, काकू? कुणी नसेल ना?"

"कुणी नसेल," मी म्हटलं.

त्या 'कुणी'त तिने मला धरलंच नव्हतं. आणि उद्या येणारं एवढं एक माणूसही जाऊ नये, म्हणून मीही स्वतःला धरलं नाही.