छप्पर असलेलं कॅथीड्रल

दर शुक्रवारी चार मराठी माणसं एकाच सोफ्यावर चहाला बसली की किस्से आपोआप साठतात. पण कॉव्हेंट्रीतल्या आमच्या नानांच्या हॉलमधल्या एका फोटोवरून जेवढे साठलेत, तेवढे आख्ख्या महाराष्ट्र मंडळात नसतील.

फोटो जुना, काळा-पांढरा. नानांनी कार बूट सेलमधून, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, आणलेला. आमच्या गावातलं कॅथीड्रल, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायच्या आधीचं, आतून. आज तिथे नुसत्या भिंती आणि मनोरा आहे, वर उघडं आभाळ. फोटोत मात्र छप्पर शाबूत! त्या छपराचं कौतुक केल्याशिवाय नाना कुणाला चिवडा देत नाहीत.

*

नागपूरचा समीर पहिल्यांदा आला तेव्हा बिचारा घर शोधत होता. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. नाना खूश.

"नाना," तो म्हणाला, "एवढ्या छपरात लॉफ्ट कन्व्हर्जन केलं तर किती बेडरूम निघतील हो?"

त्या दिवशी त्याला नुसता चहा मिळाला.

*

नानांची नात रिया इथेच जन्मलेली. शाळेची ट्रिप कॅथीड्रलचे अवशेष बघायला गेली. टीचर सांगत होत्या की छप्पर आगीत गेलं. रियाने हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, छप्पर आमच्या आजोबांच्या हॉलमध्ये आहे म्हणून.

संध्याकाळी टीचरचा फोन. आजोबांनी नेमकं काय आणून ठेवलंय, अशी अगदी गोड आवाजात चौकशी.

"मी खोटा नाही बोलली," रिया म्हणाली. "आपल्याकडे छप्पर आहे ना!"

*

शेजारच्या जीनबाई आमच्या अड्ड्यातल्या एकमेव गोऱ्या मेंबर. त्यांच्या आईवडिलांचं लग्न त्याच कॅथीड्रलमध्ये झालेलं, त्यामुळे नाना त्यांना चिवडा न विचारता देतात. नवरा फ्रँक गेल्यापासून जीनबाईंनी त्याचा एकूण एक फोटो ड्रॉवरमध्ये टाकला होता. कुमुदवहिनींना, म्हणजे नानांच्या बायकोला, ते फार लागायचं. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "एक तरी लावा की."

"मला बघवत नाही," जीनबाई म्हणाल्या, आणि पुढचे कित्येक शुक्रवार आल्या नाहीत. मैत्रीण कायमची तुटली म्हणून वहिनी पार हवालदिल झाल्या होत्या. जीनबाई परत यायला लागल्यावर वहिनींनी फ्रँकचं नाव काढणंच सोडलं.

*

मग आला दसरा. वहिनींनी लेस्टरहून झेंडू आणून सासूसासऱ्यांच्या फोटोंना हार घातले. एक हार उरला, तो कॅथीड्रलला.

"अगं, ते चर्च आहे," नाना म्हणाले.

"गेलंय ना? मग झालं तर."

आणि नेमक्या तेवढ्यात जीनबाई आत आल्या. नाना हार काढायला धावले, पण जीनबाईंनी थांबवलं. "ही फुलं कशाला?"

वहिनी आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "आमच्यात कुणी गेलं की फोटो आत नाही ठेवत. बाहेर लावतो, हार घालतो. म्हणजे ते घरातच राहतात."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. जीनबाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि त्या निघून गेल्या. वहिनी रात्री जेवल्या नाहीत. "मी परत दुखावलं हो तिला," एवढंच म्हणत होत्या.

पुढच्या शुक्रवारी जीनबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका रविवारी त्यांनी आम्हालाच चहाला बोलावलं. वहिनी इतक्या घाबरल्या की सोबतीला मला ओढून नेलं.

फायरप्लेसच्या वर फ्रँक. बागकामाची टोपी घातलेला, हसरा. आणि फोटोला केशरी लोकरीचा हार, घरी विणलेला, एकेक झेंडू वेगळा.

वहिनींनी चपला काढल्या, पुढे झाल्या आणि हार जरासा सरळ केला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

जीनबाईंनी काळजीने विचारलं, "लोकरीचा चालतो ना? धुता येतो."