पंपवाल्या काकांचा प्रश्न

करडी गावचे पंपवाले काका कुठेही बसायच्या आधी वारा बघत. चिमूटभर माती हातातून सोडायची, ती कुठे उडते ते पाहायचं आणि वारा लोकांकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरायची. आपल्या अंगावरचा वारा कोणाकडे जाता कामा नये. लग्नातही सगळी पंगत मांडवात आणि हे टोकाला एकटेच. नवख्याला वाटे, माणूस शिष्ट आहे. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं.

काका पाठीवर पंप घेऊन लोकांच्या धानावर औषधाची फवारणी करत. फवारा सुरू झाला की बांधीतली, त्या धानाच्या वाफ्यातली, माणसं निघून जातात. मालकसुद्धा लांबच्या धुऱ्यावरून, बांधावर उभा राहून, हातवारे करून सांगतो. वीसेक वर्षं त्यांनी अशा रिकाम्या शेतांत काढली. पुढे बायको गेली, मुलगी लग्न होऊन लाखांदूरला गेली आणि घरही तसंच रिकामं झालं. बोलायची सवय सुटली होती, म्हणून बोलले की मुद्द्याचंच बोलत.

त्यांची माझी गाठ पडली माझ्या नोकरीमुळे. एका कंपनीच्या नॅनो खताचा प्रचार करत मी गावोगाव फिरायचो. पोतंभर खताचं काम एक बाटली करते, कण इतके बारीक की पानाच्या छिद्रांतून थेट आत शिरतात, हे मी पाढ्यासारखं म्हणायचो. करडीच्या सभेत काका अर्थातच दाराबाहेर. तिथून म्हणाले, "बाबू, पानातून आत जाते म्हनतं, तं माह्या आंगात काहून नाई जानार?"

लोक हसले, मीही हसलो. तपासूनच बाजारात आणलंय, मास्क लावा, हातमोजे घाला, असं छापील उत्तर दिलं.

"एकडाव मारून तपासलं असन," काका म्हणाले. "मी रोज मारून राहिलो. रोजचं काय?"

मग मी दिसलो की तोच प्रश्न. एकदा अड्याळच्या बाजारात त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतःचा कप घेऊन चार हात लांब उभे राहिले. "जवळ या ना काका, मी काय चावतो?" मी म्हटलं. "कपड्याले वास हाये," ते म्हणाले. कपडे स्वच्छ धुतलेले होते, वास कसलाच नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

खोटं कशाला बोलू, त्या प्रश्नाने मला भंडावून सोडलं. साहेबांना विचारलं, त्यांनी माहितीपत्रक पुढे केलं. त्यात पिकाचं सगळं होतं, माणसाचं दोन ओळींत उरकलं होतं. मीच जमेल तेवढं वाचलं. असले बारीक कण थोडे थोडे करत वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेले तर शरीरात साठतात का, पुढे काय करतात, याचं ठाम उत्तर मला कुठे मिळालं नाही.

एका दुपारी मी एसटीची वाट बघत होतो, तर काका आपणहून माझ्यापाशी आले. हातात पिशवी, पिशवीत तान्ह्या बाळाचं टोपरं. लेकीला मुलगी झाली होती, तिला बघायला निघाले होते. म्हणाले, "बाबू, आज कंपनीचं सांगू नोको. आंगात गेलेलं आंगातच रायते, का निंगून जाते?"

"काका, खरं सांगतो," मी म्हणालो, "हे कोणालाच पक्कं माहीत नाही."

"खरं बोलला," ते म्हणाले, आणि लाखांदूरच्या गाडीत चढले. मला फार हलकं वाटलं. कधी नव्हे ते खरं बोललो, या अभिमानात मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

त्यानंतर तीन वर्षांनी काका झोपेतच गेले. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. पंपाचा त्यात हात होता की नव्हता, देव जाणे. तेरवीला मी करडीला गेलो. जेवणं आटोपल्यावर त्यांची लेक पोरीला घेऊन माझ्यापाशी आली.

"भाऊ, एक इचारू का? बाबानं माह्या पोरीले एकडाव बी कडेवर नाई घेतलं. खाऊ आने, वट्यावर ठेवे, न दूर जाऊन बसे. पोरगी झाली म्हनून का जी?"

एसटीच्या थांब्यावर काका काय विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला आणि नातीला खुशाल घ्या, एवढं सांगायचं होतं. एवढं तर मला पक्कं माहीत होतं.

मी तिला सगळं सांगितलं. बाजारातला चहा, थांब्यावरचा प्रश्न, माझं उत्तर. ती खाली बघून ऐकत राहिली.

"म्हंजे बाबाले घ्याचं होतं हिले?"

"हो."

तिने पोरीला उचलून छातीशी धरलं आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी मी नुसती होकाराची मान हलवली.