सासूबाईंचं नाक

माझ्या सासूबाई बोटींवरचे संडास आणि त्यांच्या खालच्या मैल्याच्या टाक्या साफ करतात. लग्न ठरताना हे कळल्यावर माझ्या थोरल्या बहिणीने नाक मुरडलं होतं. पुढे ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली, सासूबाईंनी घासलेली मोरी तिने पाहिली, आणि गुपचूप स्वतःच्या घरी जाऊन ब्रश विकत घेतला. मला फार बरं वाटलं.

धक्क्यावर सगळे त्यांना टाकीमावशी म्हणतात. प्रवासी बोट लागली की त्या टाकीच्या तोंडाला जाड पाइप जोडतात, पंपाने मैला खेचून घेतात, मग साधं पाणी भरून पुन्हा खेचतात. टाकीत भसाभसा फिनेल ओतणाऱ्या खलाशाची बिनपाण्याने हजामत होते, कारण फिनेलने पाइपाच्या जोडांचं रबर खराब होतं. टाकीतली हवा जायला बोटीच्या कडेला एक भोक असतं. शेवटी तिथे नाक नेऊन त्या ठरवायच्या, काम झालं की नाही. घरीही तीच तऱ्हा. आंघोळ करून मनगटं, कोपर, केसांची टोकं हुंगायच्या. स्वतःच्या नाकाने होकार दिल्याशिवाय घरातल्या पेल्यालाही हात लावायच्या नाहीत.

मग त्यांना ताप आला. माझे दिवस भरत आले होते, तेव्हाच. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याने काम सोड म्हणून आईच्या मागे टुमणं लावलं. बोटमालकाने तिकिटं फाडायला बसा म्हणून सुचवलं. सासूबाईंनी दोघांना एकच उत्तर दिलं.

"नाक गेलंय. हात नाही गेले."

त्यांनी पाइपच्या मधोमध काचेचा एक तुकडा बसवून घेतला. काचेतून नितळ पाणी दिसेपर्यंत पंप बंद करायचा नाही, हा नवा नियम. काम अडलं नाही. अंगाला मात्र काच बसवता येईना.

मुलगी झाली. शेजारपाजारच्या सगळ्यांनी तिला घेतलं, फक्त तिच्या आजीने, सासूबाईंनी, घेतलं नाही. त्या दारात उभ्या राहून नातीशी बोलायच्या, हात पाठीमागे बांधून. हात घासून घासून लाल झालेले. येतोय का वास, असं विचारायच्या, आणि नवरा पेपरातून डोकं वर न काढता नाही म्हणायचा. शेजारीण नाही म्हणायची. मीही म्हणायचे. त्यांचा एकाही माणसावर विश्वास नव्हता. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. इतका हट्ट कशासाठी?

एके दिवशी धक्क्यावर घोटाळा झाला. रंगाऱ्याने एका बोटीला रंग देताना ते हवेचं भोक चिकटपट्टीने बंद केलं आणि पट्टी काढायला विसरला. पूर्वी भरलेल्या टाकीच्या भोकापाशी सासूबाईंना वास आला नसता, तर तिथेच शंका आली असती. आता वास न येणं रोजचंच झालं होतं. हवा आत कोंडलेली. पाइप जोडायला त्यांनी टाकीच्या तोंडाचं झाकण सैल केलं आणि आतलं सगळं उसळून त्यांच्या अंगावर आलं.

रंगाऱ्याचा उद्धार करून झाल्यावर त्यांनी ती टाकी पूर्ण साफ केली. आता आधी भोकात बोट घालून बघायचं, मगच झाकणाला हात, हेही ठरवून टाकलं. तिथल्या नळावर अंघोळ केली, घरी येऊन पुन्हा केली. मग ओल्या केसांनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीचं विचारलं.

"नाही गं आई," नवरा बसल्या जागेवरून म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि हात हुंगले, मान हुंगली, केस हुंगले.

"येतोय," मी म्हणाले. "डाव्या कानामागे. बाकी कुठे नाही. परत धुऊन या."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला घराबाहेर काढलं होतं. मला भीती वाटली, आपण जरा जास्तच बोललो.

"डाव्या ना?" सासूबाईंनी विचारलं आणि लगबगीने मोरीत गेल्या.

बाहेर आल्या, तेव्हा मानेवरून पाणी निथळत होतं. माझ्यापुढे वाकून त्यांनी कान पुढे केला. मी घाई केली नाही. नीट हुंगून पाहिलं.

"आता नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जमिनीवर बसल्या, मांडी घातली आणि लाल झालेले दोन्ही हात पुढे केले.

"आण तिला."